विमान दिसते, रुग्ण दिसत नाही

काही वर्षांपूर्वीची, स्वाइन फ्लूच्या हंगामातली गोष्ट. दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, वय पन्नाशीच्या आसपास, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. व्हेंटिलेटर लावूनही रक्तातला ऑक्सिजन वर येईना, तेव्हा घरच्यांनी त्यांना हैदराबादला हलवायचे ठरवले. बागेवर काढलेले कर्ज, भावकीतून गोळा केलेले पैसे, सगळे मिळून काही लाख रुपये उभे राहिले आणि ओझरच्या विमानतळावरून हवाई रुग्णवाहिका निघाली. थोरला मुलगा विमानात बसला. धाकटा त्यांना सोडून परत आला आणि थेट माझ्या नाशिक रोडच्या दवाखान्यात येऊन बसला. घरी आईसमोर बसवेना म्हणाला.

त्याच्या मोबाइलवर विमानांचा माग दाखवणारे एक ॲप होते. नकाशावर पिवळे छोटे विमान सरकत होते. खाली उंची, वेग, दिशा, सगळे आकडे. तो मला वाचून दाखवत होता. "डॉक्टर, आता तेवीस हजार फुटांवर आहेत. संभाजीनगर मागं पडलं." मग थोडा वेळ गप्प. मग एकदम विचारले, "पप्पांचा ऑक्सिजन किती आहे, ते कुठं दिसतं?"

ते कुठेच दिसत नव्हते. मला दिसत नव्हते, हैदराबादच्या ज्या अतिदक्षता विभागात त्यांना न्यायचे होते तिथल्या डॉक्टरांनाही दिसत नव्हते. दीड तासाच्या त्या प्रवासात विमानाची उंची जगातला कुणीही रिकामटेकडा माणूस पाहू शकत होता. आतल्या रुग्णाची नाडी मात्र त्याच्यावर उपचार करणाऱ्यांनाही कळायला मार्ग नव्हता.

विमानात काय घडले ते मला नंतर सोबत गेलेल्या तरुण भूलतज्ज्ञाने सांगितले. अर्ध्या वाटेवर ऑक्सिजनची पातळी ९० वरून ७६ वर आली आणि व्हेंटिलेटरला हवा आत ढकलायला जोर लागू लागला. फुप्फुस फुटून छातीत हवा साठली असावी, अशी त्याला शंका आली. स्टेथोस्कोप लावला तर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. वरिष्ठांना विचारावे तर फोन नाही. अखेर त्याने स्वतःच्या हिमतीवर छातीत सुई घालून हवा काढली, वैमानिकाला विमान जरा खाली घ्यायला सांगितले आणि नांदेडला उतरायचे की पुढे जायचे, याचा निर्णय एकट्याने घेतला. वैमानिकाने नियंत्रण कक्षामार्फत निरोप पाठवला. तो जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याचे 'रुग्ण गंभीर आहे' एवढेच उरले होते. हवाई रुग्णवाहिकेतून येणारा प्रत्येक रुग्ण गंभीरच असतो. त्यामुळे धावपट्टीवर आलेल्या रुग्णवाहिकेत छातीत नळी घालण्याचे सामान नव्हते आणि रुग्णालयातल्या पथकाला सगळा प्रकार कळायला आणखी पाऊण तास गेला.

रुग्ण बरे होऊन परत आले, पुढच्या छाटणीला बागेत उभे राहिले. त्या डॉक्टरचा हात चांगला होता आणि नशीबही. पण उपचार नशिबाच्या भरवशावर ठेवायचे नसतात. म्हणून आज विमानातल्या इंटरनेटबद्दल लिहितो आहे. वरवर पाहता हा विषय श्रीमंतांच्या चैनीचा वाटेल. तो तसा आहे म्हणूनच त्याची दुसरी बाजू कुणी पाहत नाही.

चार्टर विमान आणि त्याचे पोट

आपल्याकडे हवाई रुग्णवाहिका म्हणून उडणारी बहुतेक विमाने ही मुळात बिझनेस विमाने असतात. दोन पंख्यांचे किंग एअर, एका पंख्याचे पिलाटस, नाहीतर छोटे जेट. खुर्च्या काढायच्या, स्ट्रेचर बसवायचे, ऑक्सिजनचे सिलिंडर, मॉनिटर, व्हेंटिलेटर, सक्शन मशीन लावायचे, की ते उडते आयसीयू होते. ज्या जातीच्या विमानात उद्योगपती बसून बैठका घेतात, त्याच जातीच्या विमानात आपला शेतकरी झोपलेला असतो. त्यामुळे बिझनेस विमानांना इंटरनेट कसे मिळते, कितीला मिळते आणि कोणत्या नियमांनी मिळते, याचा थेट संबंध रुग्णाशी येतो.

शिवाय विमानातला रुग्ण जमिनीवरच्या रुग्णापेक्षा अधिक नाजूक अवस्थेत असतो. विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीसारखी दाट नसते. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच राखलेला असतो. आठ हजार फुटांच्या हिशेबाने श्वासातून मिळणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या १५ टक्क्यांइतका उरतो, एरवी तो २१ टक्के असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. ज्याचे फुप्फुस आधीच निकामी आहे त्याला लगेच जाणवते. दुसरे म्हणजे दाब कमी झाला की हवा फुगते. छातीत, आतड्यात, कवटीत अडकलेली हवा त्या उंचीवर सुमारे एक तृतीयांशाने वाढते. जमिनीवर मामुली असलेली फुप्फुसाबाहेरची हवा वर गेल्यावर जिवावर उठू शकते. थोडक्यात, ज्या वेळी सल्ल्याची गरज सर्वात जास्त, नेमक्या त्याच वेळी डॉक्टर एकटा असतो.

आकाशातल्या वाटा

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या आमच्या नाशिक रोडच्या मंडळींना कसाऱ्याचा घाट पाठ आहे. बोगदा आला की फोन कापला जातो, हे गृहीत धरूनच ते बोलतात. विमानात मोबाइल चालत नाही त्याचे कारण याच्या अगदी उलट आहे. तिथे आडकाठी काहीच नसते, पण मोबाइलचे मनोरे जमिनीवरच्या माणसांसाठी बांधलेले असतात आणि त्यांचे तोंड खाली असते. वरून ताशी चार-पाचशे किलोमीटर वेगाने जाणारा फोन एकाच वेळी अनेक मनोऱ्यांना दिसतो आणि कुणाच्याच नीट हाती लागत नाही.

यावर अमेरिकेत एक उपाय निघाला. आकाशाकडे तोंड केलेले वेगळे मनोरे उभारायचे आणि विमानाच्या पोटाला अँटेना लावायची. गोगो नावाच्या कंपनीने तिथल्या बिझनेस विमानांचा मोठा बाजार याच पद्धतीवर उभा केला. युरोपातही सुमारे ३०० मनोऱ्यांचे असे जाळे आहे. आपल्याकडे ही वाट रुळलेली नाही. आपल्याला उरतो तो उपग्रह.

उपग्रहांचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. पहिला भूस्थिर. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ साधून एकाच जागी उभा असल्यासारखा दिसतो. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये दळणवळणासाठी मांडलेली ही कल्पना. फायदा असा, की एकच उपग्रह अख्ख्या देशावर नजर ठेवतो. तोटा असा, की संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत अर्धा सेकंद जातो. शिवाय जास्त वेग हवा असेल तर उपग्रहाकडे सतत तोंड ठेवणारी तबकडीसारखी अँटेना लागते. मोठ्या जेटच्या शेपटीत ती मावते, किंग एअरच्या शेपटीत मावत नाही. छोट्या विमानासाठी इन्मारसॅटची एल-बँड सेवा असते. तिची अँटेना लहान, पाऊस-ढगांची फिकीर नाही, पण वेग कमी, एका वाहिनीला सेकंदाला जास्तीत जास्त ४३२ किलोबिट.

दुसरा प्रकार जवळच्या कक्षेतल्या उपग्रहांचा. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. इतक्या जवळून जाताना ते क्षितिजाआड लवकर जातात, म्हणून शेकड्यांनी-हजारांनी लागतात. पण उत्तर जवळजवळ तत्काळ येते आणि अँटेना सपाट पाटीसारखी असते. ती यंत्राने फिरवावी लागत नाही, आतली इलेक्ट्रॉनिक्सच तिची दिशा बदलतात. छोट्या विमानाच्या पाठीवर ती बसू शकते. खरा बदल हा आहे. आजवर विमान केवढे यावर इंटरनेट ठरत होते, ती अट आता सैल होत आहे.

किंमत मात्र सैल झालेली नाही. स्टारलिंकने ऑक्टोबर २०२२ मध्ये बिझनेस विमानांसाठी सेवा जाहीर केली तेव्हा यंत्रसामग्रीला दीड लाख डॉलर आणि महिन्याला साडेबारा ते पंचवीस हजार डॉलर असे दर लावले होते. आपल्या हिशेबात नुसते यंत्रच सव्वा कोटीच्या घरात. ज्याला विमानातून शेअर बाजार बघायचा आहे त्याला हे परवडेल. ज्याने बागेवर कर्ज काढले आहे त्याच्या बिलात ते टाकायचे का, हा प्रश्न आहे.

पण इथे एक साधा हिशेब केला पाहिजे. रुग्णासाठी चित्रपट बघण्याएवढे इंटरनेट लागत नाही. दहा सेकंदांचा बारा लीडचा ईसीजी साठवायला शंभर-सव्वाशे किलोबाइट पुरतात. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर 'सुप्रभात' लिहिलेला फुलांचा फोटो येतो ना, तेवढी ती जागा. एल-बँडच्या त्या 'सावकाश' वाहिनीवरूनही तो दोन-तीन सेकंदांत जातो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, व्हेंटिलेटरचे आकडे तर याहून कितीतरी हलके. म्हणजे हवाई रुग्णवाहिकेला उद्योगपतीच्या जेटएवढे इंटरनेट नकोच आहे. पातळ पण न तुटणारा धागा पुरे.

नियम कुणासाठी लिहिले?

आपल्याकडे विमानातल्या जोडणीला परवानगी देणारे नियम डिसेंबर २०१८ मध्ये आले. परवानाधारक भारतीय कंपनीमार्फतच सेवा द्यायची आणि विमान ३,००० मीटरच्या वर गेल्यावरच द्यायची, या त्यांतल्या ठळक अटी. २०२० मध्ये विस्ताराने आपल्या बोइंग ७८७-९ विमानांत वाय-फाय आणले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमांत स्पष्टीकरण आले, की ३,००० मीटरच्या वर असतानाही प्रवाशांना उपकरणे वापरायची मुभा असेल तेव्हाच वाय-फायवरून इंटरनेट द्यावे. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत ही सेवा सुरू केली.

त्याच नोव्हेंबरमध्ये, १९ तारखेला, इस्रोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह अमेरिकेतून स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटने गेला. ४,७०० किलो वजन, ३२ बीम, एकूण ४८ गिगाबिट क्षमता. देशभर ब्रॉडबँड पोहोचवण्याबरोबरच विमानातले इंटरनेट हेही त्याचे जाहीर उद्दिष्ट आहे. स्टारलिंकला २०२५ च्या मध्यात भारतातले परवाने मिळाले. ट्रायने मे २०२५ मध्ये उपग्रह सेवांच्या स्पेक्ट्रमसाठी कंपन्यांच्या महसुलाच्या चार टक्के आकारावेत, अशी शिफारस केली. हालचाल भरपूर आहे.

हे सगळे वाचताना माझ्या मनात एकच येत राहिले. हे नियम लिहिताना डोळ्यांसमोर प्रवासी होता. खिडकीशी बसून मेल बघणारा, मॅच बघणारा प्रवासी. तीन हजार मीटरच्या खाली त्याने मोबाइल बाजूला ठेवला तर काही बिघडत नाही. पण ओझरहून उठलेल्या रुग्णाला उड्डाणानंतरची आणि उतरण्यापूर्वीची मिनिटेच सर्वात अवघड असतात. दाब बदलतो, विमान कललेले असते, स्ट्रेचरवरचे रक्त डोक्याकडे नाहीतर पायाकडे सरकते. उतरताना तर रुग्णालयाला शेवटची खबर द्यायची असते. तिथेच नियमाने धागा तोडायचा?

उंचीची अट घालण्यामागे जमिनीवरच्या मोबाइल जाळ्यात विमानातल्या फोनांचा व्यत्यय येऊ नये, हा हेतू होता. तो रास्त आहे. पण व्हेंटिलेटरला तारेने जोडलेली, उपग्रहाशी बोलणारी, चाचणी होऊन प्रमाणित झालेली पेटी म्हणजे प्रवाशाचा मोबाइल नव्हे. दोघांना एकाच नियमाने तोलणे म्हणजे सायरन वाजवत जाणाऱ्या रुग्णवाहिकेला सिग्नलला उभे करण्यासारखे आहे.

धागा असता तर

तंत्रज्ञानाचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. म्हणून काय बदलेल ते नेमके सांगतो.

पहिली गोष्ट, एकट्या डॉक्टरला दुसरे मत मिळेल. छोटे सोनोग्राफी यंत्र आता खिशात मावते. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप निकामी होतो, पण सोनोग्राफीचे चित्र आवाजाला भीत नाही. ते हैदराबादला दिसले असते तर त्या तरुण डॉक्टरला सुई घालताना हात थरथरला नसता.

दुसरी, उतरायचे कुठे हा निर्णय शहाणपणाने होईल. जगातल्या प्रवासी विमान कंपन्या अनेक वर्षे जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेत आल्या आहेत. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा एका सल्ला केंद्राकडे आलेल्या ११,९२० प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग घडला होता आणि त्यांपैकी फक्त ७.३ टक्के वेळा विमान वाटेत उतरवावे लागले. हा सल्ला मुख्यतः आवाजावर चालला होता, त्यासाठी वेगवान इंटरनेट लागले नव्हते. साध्या बोलण्यात एवढी ताकद असेल, तर बोलण्याबरोबर ईसीजीही गेला तर काय होईल याची कल्पना करा.

तिसरी, जमिनीवरचे लोक तयार राहतील. हृदयविकारात प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. ईसीजी आधी पोहोचला तर कॅथलॅब उघडून, पथक हात धुऊन उभे राहते. जमिनीवर ही पद्धत आपल्याकडे रुजू लागली आहे, लहान रुग्णालयांतून ईसीजी मोठ्या केंद्राकडे जातो. आकाशात मात्र आपण अजून निरोप्याच्या काळात आहोत.

वैमानिकाचाही फायदा आहे. पुढचे हवामान त्याला ताजे कळते. २५ मे २०११ रोजी पाटण्याहून दिल्लीकडे रुग्ण घेऊन जाणारे पिलाटस विमान खराब हवामानात फरिदाबादच्या वस्तीवर कोसळले आणि जमिनीवरच्या तिघांसह दहा जण गेले. इंटरनेट असते तर ते वाचले असते, असे म्हणणे अप्रामाणिक होईल. पण हवाई रुग्णवाहिका हा धोक्याचा प्रवास आहे आणि त्यात मिळणारी प्रत्येक माहिती मोलाची आहे, एवढे नक्की.

आता मर्यादाही सांगायला हव्यात. इंटरनेट छातीत नळी घालत नाही. सोबतचा डॉक्टर अननुभवी असेल, सिलिंडर अपुरे असतील, तर उत्तम जोडणीचा उपयोग फक्त दुर्दशा थेट बघण्यापुरता होईल. जमिनीवरून पाच जण पाच सल्ले देऊ लागले तर तेही घातक. अंतिम शब्द विमानातल्या डॉक्टरचा आणि विमान कुठे उतरेल याबाबत वैमानिकाचाच असायला हवा. नातेवाइकांना थेट चित्र दाखवायला मी तर ठाम विरोध करीन. त्या मुलाला आकडा दिसला असता, ७६ झालेला, तर तो दवाखान्यात बसून काय करणार होता? माहिती ज्याच्या हाताला काम आहे त्याच्याकडे जावी. आणि 'वाय-फाययुक्त उडते आयसीयू' अशी जाहिरात करून बिल फुगवण्याची वाटही याच सुविधेतून निघते, हे विसरू नये.

'आधी १०८ चे बघा'

हा आक्षेप येणारच, आणि तो मनापासून येतो. सुरगाण्याच्या पाड्यावरून बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि तुम्ही विमानातल्या वाय-फायचे काय सांगता? महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. आकाशात उडणारे रुग्ण त्या मानाने बोटांवर मोजण्याइतके.

आक्षेपातला राग मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कारण प्रश्न विमानाचा नसून चालत्या वाहनातल्या रुग्णाचा आहे. पेठ-सुरगाण्याच्या घाटात १०८ चा मोबाइल सिग्नल जातो तेव्हा आतला डॉक्टर तितकाच एकटा असतो. सपाट अँटेनेचे जे तंत्र विमानाच्या पाठीवर बसते तेच रुग्णवाहिकेच्या टपावर, आणखी स्वस्तात, बसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांना त्यात अग्रक्रम आहे. त्या यादीत शाळा, कार्यालये यांच्याबरोबर धावणारी रुग्णवाहिकाही असावी, एवढीच मागणी. शिवाय हवाई रुग्णवाहिका आता फक्त पैसेवाल्यांची राहिलेली नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात २०२४ पासून सरकारी हवाई रुग्णवाहिका आहे आणि आयुष्मान कार्डधारकांना ती मोफत मिळते. एम्स ऋषिकेशने त्याच वर्षी हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. उद्या आपल्याकडेही ती आली, तर तिच्यात बसणारा रुग्ण गरीबच असेल. मग ती मुकी यावी की बोलकी, हे आज ठरवायला हवे.

आणि उपग्रहातून डॉक्टर ही कल्पना आपल्याला परकी नाही. इस्रोने २००१ मध्येच चेन्नईचे अपोलो रुग्णालय आणि आंध्रातले अरगोंडा हे खेडे उपग्रहाने जोडून दाखवले होते. खेड्यापर्यंत जे चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी पोहोचले ते विमानापर्यंत पोहोचू नये, याला तंत्राची अडचण म्हणता येणार नाही.

काय करायला हवे

माझ्या मते चार गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत.

एक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हवाई रुग्णवाहिकेच्या आवश्यक सामानात ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर यांच्या बरोबरीने जमिनीशी संपर्काची सोय धरावी. एकदम सक्ती जड जाईल, तर पहिली दोन वर्षे नुसते जाहीर करणे बंधनकारक करावे. या विमानात संपर्काची सोय आहे की नाही, हे बुकिंगच्या कागदावर मराठीत, हिंदीत, ठळक लिहिलेले असावे.

दोन, प्रमाणित वैद्यकीय जोडणीला ३,००० मीटरच्या अटीतून सूट द्यावी. धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत धागा राहावा.

तीन, स्पेक्ट्रमच्या शुल्कात वैद्यकीय वापराला सवलत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने विमानातल्या जोडणीसाठीचे स्पेक्ट्रम लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद केली आहे. सरकार लिलाव न करता देत असेल, तर त्या बदल्यात रुग्णांसाठी स्वस्त दराची अट घालण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

चार, माणसे घडवणे. हे आपल्या घरचे काम आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला आहे. विमानातून रुग्ण नेताना शरीरात काय बदलते, दूरवरून सल्ला कसा द्यावा आणि कसा घ्यावा, याचा छोटा अभ्यासक्रम या विद्यापीठाने सुरू करावा. ओझरला विमाने बांधली जातात, आमच्या गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात, विद्यापीठ म्हसरूळला आहे. हे सगळे एका जिल्ह्यात असलेले दुसरे गाव शोधून सापडणार नाही.

घाईचे कारणही आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. ओझर आणि शिर्डीच्या धावपट्ट्यांवर त्या दिवसांत चार्टर विमानांची रीघ लागेल. गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते, याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. त्यात ते दिवस पावसाचे. जास्त वेगाचे का-बँड संदेश मुसळधार पावसात क्षीण होतात, एल-बँडचे होत नाहीत. म्हणून गंभीर रुग्ण हलवण्यासाठी सज्ज ठेवलेल्या प्रत्येक विमानाला, हेलिकॉप्टरला निदान ही पातळ जोडणी असावी, हे नियोजनात आत्ताच लिहून ठेवावे. ऐन पर्वणीत अँटेना बसवता येत नाही. विमानाला एक छिद्र पाडायचे तरी त्याला प्रमाणपत्रे लागतात, आणि ती लागायलाच हवीत.

वाचकांसाठीही एक सांगणे. देव करो आणि वेळ न येवो, पण कुणाला विमानातून हलवायची पाळी आली तर पैशांची बोलणी करताना तीन प्रश्न जरूर विचारा. सोबत येणारा डॉक्टर कोण आणि अशा किती रुग्णांबरोबर उडाला आहे? ऑक्सिजन प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट पुरेल का? आणि वर गेल्यावर तो डॉक्टर खालच्या डॉक्टरशी बोलू शकेल का? तिसऱ्या प्रश्नाला आज बहुधा 'नाही' असेच उत्तर येईल. तरी विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार माल ठेवू लागतो. उत्तर 'नाही' असेल तर निघण्यापूर्वीच दोन्ही डॉक्टरांना फोनवर जोडून द्या. वाटेत अमुक झाले तर काय करायचे, कुठे उतरायचे, पोहोचल्यावर रुग्णवाहिकेत काय सामान हवे, हे त्यांना आधी बोलून घेऊ द्या. याला एक रुपया लागत नाही.

परवा तो धाकटा मुलगा आला होता, स्वतःच्या मुलाला ताप म्हणून. वर गांधीनगरचे हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते. पोराने बोट दाखवले, "पप्पा, विमान!" याने सवयीने वर पाहिले आणि माझ्याकडे बघून ओशाळे हसला. ते ॲप त्याने मोबाइलवरून काढून टाकले आहे, असे म्हणाला. विमान कुठे आहे ते कळून काय करायचे, डॉक्टर.